ट्रिमर घेताना कॉलेट आधी बघा, वॅट नंतर

फर्निचरच्या साइटवर दिवसभर सगळ्यात जास्त वेळा हातात येतो तो ट्रिमर, म्हणजे फिरत्या पात्याने कडा आणि खोबणी मारायचं हातातलं छोटं मशीन. सनमायकाच्या कडा मारणं, एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी) सपाट करणं, शटरला (कपाटाच्या दाराला) बारीक गोल देणं, बिजागरीची खाच, एलईडी पट्टी बसवायच्या प्रोफाइलची खोबण, सगळं त्याच्यावरच निघतं. तरी दुकानात पहिला प्रश्न असतो तो 'किती वॅटचा?' हाच. वॅट महत्त्वाचे आहेत, पण फिनिशिंगच्या कामात कड बिघडते ती बहुतेक वेळा ताकद कमी पडल्यामुळे नाही. बिट (कापणारं पातं) किंचित डगमगतं, बेस (मशीनखालची बैठक) हळूच सरकतो, नाहीतर वेग बिटाच्या मानाने जास्त असतो. म्हणून इथे चार मशीन बघताना कॉलेट (बिटाची दांडी पकडणारा, नटाने आवळायचा भाग), बेस आणि वेग या क्रमाने बघितलं आहे.

चार मशीन म्हणजे मकिता ३७०९, बॉश जीकेएफ ५५०, मकिता आरटी०७००सी आणि डिवॉल्ट डी२६२००. पहिली दोन साधी, एकाच वेगाची. दुसऱ्या दोघांत वेग कमीजास्त करता येतो.

कॉलेट: ६ आणि ६.३५ चा घोळ

आपल्या बाजारात बिटाच्या दांड्या दोन मापांत येतात: ६ मिमी आणि पाव इंच. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात आणि दुकानदारही दोन्ही एकाच डब्यातून काढून देतो. पाव इंची बिट ६ मिमीच्या कॉलेटमध्ये जातच नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. उलटं मात्र घातक आहे. ६ मिमीची दांडी पाव इंची कॉलेटमध्ये सहज बसते, नट आवळल्यावर घट्टही वाटते, आणि मशीन मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर गेलं की हळूहळू खाली उतरायला लागते. खोबण सुरुवातीला ४ मिमी असते, टोकाला पोहोचेपर्यंत ६ मिमी झालेली असते. तयार शटरवर हे झालं तर शटर बाद. म्हणून मशीनसोबत कोणतं कॉलेट आलंय ते खोक्यावर वाचून भागत नाही. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) लावून दांडी मोजायची आणि घरातली सगळी बिटं त्याच मापाची ठेवायची. दोन्ही मापांची बिटं वापरायचीच असतील तर दुसरं कॉलेट त्याच कंपनीचं घ्यावं आणि बिटांचे डबे वेगळे ठेवावेत.

बिट घालण्याची पद्धतही इथेच सांगितलेली बरी, कारण कॉलेटला दोष देतात त्यातल्या बऱ्याच तक्रारी चुकीच्या बसवणीच्या असतात. दांडी तळापर्यंत घालायची आणि मग २–३ मिमी वर ओढून नट आवळायचा. नट आवळताना कॉलेट निमुळत्या जागेत खाली सरकतं आणि त्यामुळेच आवळलं जातं. दांडी आधीच तळाला टेकलेली असेल तर कॉलेटला सरकायला वाव राहत नाही आणि पकड अर्धवट राहते. रिकाम्या कॉलेटवर नट कधीच आवळू नये. कॉलेट दबून त्याचं माप जातं. बिट काढल्यावर दांडीवर काळसर गोल वण दिसला तर बिट आत फिरतंय, घसरतंय असं समजायचं. कॉलेट काढून आतला राळ-धुळीचा थर सुक्या ब्रशने साफ करा. तरीही वण येत राहिला तर कॉलेट झिजलं. कॉलेट ही बदलायचीच वस्तू आहे, मशीनच्या मानाने तिची किंमत किरकोळ असते.

मकिता ३७०९ आणि बॉश जीकेएफ ५५० ही दोन्ही ६ मिमी किंवा पाव इंच दांडीची मशीन आहेत. आरटी०७००सी ६ आणि ८ मिमी दोन्ही घेतं, डी२६२०० ची कमाल ८ मिमी. या दोन मिलिमीटरचा फरक वाटतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. गोल दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तेवढ्याच लांबीची ८ मिमीची दांडी ६ मिमीच्या तिपटीहून जास्त ताठ असते. १८ मिमी प्लायची पूर्ण कड एकाच बेअरिंग बिटाने (कडेला टेकून चालणारं बेअरिंग असलेल्या बिटाने) सरळ करायची असेल तर हा ताठपणा कडेवर दिसतो. ६ मिमी दांडीच्या लांब बिटाने तीच कड मारली की बारीक लाटा उमटतात आणि त्या पॉलिश पेपरने जात नाहीत, उलट मायका चिकटवल्यावर उजेडात उठून दिसतात.

बेस: हाताने तपासता येतो

३७०९ चा बेस पारदर्शक आहे, पंखाचा नट सैल करून मशीन हाताने वरखाली करायचं आणि पुन्हा आवळायचं. रचना इतकी साधी आहे की बिघडायला काही नाही. पण अर्धा मिलिमीटर बदलायचा असेल तर हाताला सवय लागते. सैल केल्यावर मशीन एकदम घसरतं, म्हणून आधी बिट टेबलाला टेकवून मगच नट सोडावा. आरटी०७००सी चा बेस ॲल्युमिनियमचा, त्यात दातेरी पट्टी आणि फिरवायचं बटण आहे, कळ दाबली की बेस जागेवर पक्का. लॅमिनेटला बिट केसभर वर घ्यायचं असतं तेव्हा याचं महत्त्व कळतं. डी२६२०० मध्ये मोटरभोवतीचं कडं फिरवून खोली बदलते. बारीक जुळवणीला चौघांत हीच पद्धत सर्वांत सुखाची, शिवाय बिटाजवळ दोन एलईडी आहेत. कपाटाच्या आत, सिंकखाली काम करताना हे दिवे शोभेचे राहत नाहीत.

दुकानात करायच्या तीन चाचण्या आहेत, पाच मिनिटांत होतात. पहिली: प्लग काढलेल्या मशीनमध्ये सरळ बिट बसवा, खोली पक्की करा, व्हर्निअरने बिट किती बाहेर आहे ते मोजा. मग बेस टेबलाच्या काठावर ठेवून तळहाताने जोर द्या, दोन्ही बाजूंना हलवा, पुन्हा मोजा. माप बदललं तर तो बेस साइटच्या थरथरीत टिकणार नाही. दुसरी: गुण्या बेसला लावून बिटाची दांडी काटकोनात आहे का बघा, समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून. बेस जरा जरी कललेला असेल तर कड मारताना बिट एका बाजूला आतल्या मायकात खड्डा पाडतं. तिसरी चाचणी घरी करायची. प्लायच्या तुकड्यावर सरळ पट्टी क्लॅम्पने पक्की करा, ६ मिमीच्या सरळ बिटाने एक मिमी खोल रेघ मारा. आता मशीन पाव वळण फिरवून, बेसची दुसरी बाजू पट्टीला लावून त्याच रेघेवरून पुन्हा न्या. रेघ रुंद झाली तर बिट बेसच्या मध्यावर नाही. बेसला एखादी कडा सपाट असेल तर ती या चाचणीतून वगळायची, गोल भागच वापरायचा. मध्य चुकलेला बेस बेअरिंग बिटाला चालतो, पण साचा आणि गाइड बुशच्या (बिटाभोवती बसणारं, साच्याला टेकून चालणारं कडं) कामाला चालत नाही. खालच्या प्लेटचे स्क्रू सैल करून मध्य जुळवता येतो का बघा, नसेल तर प्लेटवर बाण काढून कायम तीच बाजू पट्टीला लावण्याची सवय ठेवा.

गाइड बुशचा हिशोब सोपा आहे: बुशचा बाहेरचा व्यास वजा बिटाचा व्यास, भागिले दोन. १० मिमीच्या बुशमधून ६ मिमीचं बिट चालवलं तर साच्यापासून काप २ मिमी आत पडेल. साचा कापतानाच तेवढी सूट धरायची.

वेग

३७०९ ची मोटर ५३० वॅट, वेग ३०,००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या). जीकेएफ ५५० ची ५५० वॅट, वेग ३३,०००. दोन्हींत वेग एकच. १२.७ मिमीच्या ट्रिम बिटासाठी हा वेग अगदी योग्य आहे: ३०,००० वर पात्याची धार सेकंदाला साधारण २० मीटर धावते, मायका काचेसारखा साफ कापला जातो. आता त्याच मशीनला ६.३५ मिमी त्रिज्येचं राउंड ओव्हर (कड गोल करायचं) बिट लावा. १२.७ चं बेअरिंग धरून त्याचा व्यास २५.४ मिमी होतो आणि धारेचा वेग सेकंदाला ४० मीटरच्या घरात जातो. जीकेएफवर तो ४४ होतो. सागावर, मेपलवर हात जरा थांबला की काळा डाग पडतो, आणि लिपिंगच्या (कडेला लावलेल्या लाकडी पट्टीच्या) टोकाला हमखास पडतो कारण तिथे हात आपोआप मंदावतो. २५ मिमीच्या आसपासच्या बिटाला २४,००० च्या आत आणि त्याहून मोठ्याला १८,००० च्या आसपास ठेवावं असा सर्वसाधारण नियम आहे. एका वेगाच्या मशीनवर तो पाळताच येत नाही. म्हणून ३७०९ किंवा जीकेएफ ५५० वर ३ मिमी त्रिज्येच्या पुढचा गोल मारू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

उलट्या टोकाला ॲक्रिलिक शीट आणि पीव्हीसी एज बँड. हे कापले जाण्याआधी वितळतात. ३०,००० वर ॲक्रिलिकची भुकटी न निघता लोळ्या निघतात, बिटाला चिकटतात आणि कडेवर परत थापल्या जातात. आरटी०७००सी १०,००० ते ३०,००० पर्यंत फिरतं, डी२६२०० चा वेग १६,००० ते २७,०००. ॲक्रिलिक शटर ज्यांच्याकडे नियमित येतात त्यांना आरटी०७००सी चा खालचा वेग कामाचा आहे. डिवॉल्टच्या १६,००० लाही काम होतं, पण हात जलद चालवावा लागतो.

या दोन्हींत मशीन सावकाश सुरू होतं. साध्या मशीनमध्ये खटका दाबताक्षणी मनगटाला झटका बसतो. बिट मायकाला टेकवून खटका दाबला तर पहिल्याच क्षणी कोपरा उडतो. सुरू करून, पूर्ण वेग आल्यावरच कडेला लावायचं.

वॅटचा प्रश्न इथे येतो. आरटी०७००सी ७१० वॅट, डी२६२०० ९०० वॅट. लॅमिनेट आणि बँडला ५३० वॅट पुरून उरतात. खोबणीला ताकद लागते. पण मकिताच्या ट्रिमरच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय की खोबण मारताना एका फेरीत ३ मिमीपेक्षा खोल जाऊ नये, जास्त हवी तर फेऱ्या वाढवाव्यात. ६ मिमी बिटाला हा नियम कोणत्याही कंपनीच्या मशीनवर पाळावा. ८ मिमी खोल एलईडी प्रोफाइलची खोबण असेल तर ३, ३, २ अशा तीन फेऱ्या. एकदम ८ मिमी घातलं की मशीनचा आवाज खाली बसतो, बिट तापून निळं पडतं आणि प्लायचा वरचा थर फाटतो. खोबण प्रोफाइलपेक्षा अरुंद बिटाने मारायची असेल तर पट्टी दोन्ही बाजूंना मोजून लावा, आधी दोन्ही कडा मारा, मधला भाग शेवटी.

कडेवर काम करताना

बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं. कड आपल्या पोटाच्या बाजूला असेल तर मशीन डावीकडून उजवीकडे न्यायचं, म्हणजे पूर्ण पाट्याभोवती घड्याळाच्या उलट. आतलं छिद्र किंवा चौकोन कापताना बरोबर विरुद्ध. दिशा उलटली की बिट लाकडात चढतं आणि मशीन पुढे पळतं. मायकाच्या शेवटच्या कोपऱ्याला चिरा जाऊ नयेत म्हणून टोकाची २०–२५ मिमी कड आधी हलक्या हाताने उलट दिशेने घेऊन ठेवता येते, पण फक्त मायका आणि फक्त एवढीच. प्लायची कड कधीच उलट घेऊ नका.

मायका ३–४ मिमी बाहेर सोडावा, १० मिमी नाही. जास्त सोडला तर कापताना लोंबता भाग थरथरतो आणि चिप उडते. कडेला मायकाची पट्टी लावायची असेल तर ती आधी चिकटवून सपाट करायची, मग वरचा मायका. असं केलं की जोडाची काळी रेघ वरून दिसत नाही.

एज बँडचा प्रकार वेगळा. १८ मिमी प्लाय, वर १ मिमी मायका, आत ०.८ चा, म्हणजे शटर जवळपास २० मिमी. त्याला २२ मिमी रुंद बँड लागतो, दोन्हीकडे एकेक मिमी बाहेर. तो कापायला ट्रिमर शटरच्या कडेवर उभा धरतात आणि २० मिमीच्या जागेवर बेस डुलतो. एकदा डुलला की नवा मायका खरवडला. उपाय असा: शटरच्या बाजूला त्याच उंचीची सरळ लाकडी पट्टी क्लॅम्पने बांधून बेसला रुंद आधार करून द्या, बँडच्या जाडीएवढी ती वर ठेवा. बाहेर आलेल्या एक मिमीला अडू नये म्हणून पट्टी आणि शटर यांच्यात प्लायची पातळ चीप टाकून फट ठेवा. २ मिमीच्या बँडला २ मिमी त्रिज्येचं बिट, ०.८ च्या बँडला सरळ बेअरिंग बिट आणि शेवटचा हात कानशीने. आरटी०७००सी ला वेगळा ऑफसेट बेस मिळतो, त्यात बिट कडेच्या अगदी जवळ येतं. भिंतीला टेकलेल्या ओट्याच्या पट्ट्या आणि कोपरे साफ करायला त्याला तोड नाही. तिरका आणि प्लंज बेसही (बिट वरून सरळ लाकडात उतरवता येणारा) मिळतो. पण हे बेस खोक्यात असतात का, हे किटच्या अक्षरांवर ठरतं, म्हणून बिल करण्याआधी खोकं उघडून बघा. डिवॉल्टचं डी२६२०४के किट प्लंज बेससकट येतं.

बिजागरीच्या खाचेची खोली मोजपट्टीने ठरवू नका. मशीनचा प्लग काढा, मशीन उलटं धरा, बिजागरीचं पान बेसवर बिटाला लागून ठेवा आणि बिट पानाच्या पातळीला येईपर्यंत वर घ्या. नखाने पानावरून बिटावर गेल्यावर पायरी लागली नाही की खोली झाली. बिट छोटं, वर बेअरिंग असलेलं घ्या, म्हणजे १२ मिमी प्लायचा साचा पुरतो. कोपरे गोल राहतात, ते पटाशीने चौकोनी करायचे.

बिटं, धूळ, देखभाल

ट्रिमरवर खर्च करायला पैसे कमी असतील तर मशीनवर कमी करा, बिटावर नाही. मायकातलं मेलामाईन इतकं खरखरीत असतं की साध्या हायस्पीड स्टीलची धार थोड्याच वेळात बसते. टंगस्टन कार्बाइडचीच बिटं घ्या. सुरुवातीला १२.७ मिमीचं बेअरिंग ट्रिम बिट, ६ मिमीचं सरळ दोन धारी, ४५ अंशांचं चॅम्फर (कड तिरकी मारायचं), २ आणि ३ मिमी त्रिज्येचे गोल आणि छोटं पॅटर्न बिट (वर बेअरिंग असलेलं), एवढ्यावर स्वयंपाकघर आणि कपाटं निघतात.

बेअरिंग बिटाचा खरा शत्रू म्हणजे रबरी गोंद, ज्याने मायका चिकटवतो तो. वाळण्याआधी कड मारली की गोंद बेअरिंगवर चढतो, बेअरिंग फिरायचं थांबतं आणि बिटाच्या वेगाने मायकावर घासून काळी रेघ ओढतं. कड मारण्याआधी बोटाने बेअरिंग फिरवून बघायची सवय लावा. चढलेला गोंद थिनर लावलेल्या फडक्याने पुसा. बेअरिंग थिनरमध्ये बुडवू नका, आतलं ग्रीस विरघळतं आणि ते बेअरिंग पुढच्याच कामात कोरडं किंचाळतं. तयार मायकावर बेअरिंग चालवायचं असेल तिथे मास्किंग टेप लावून घ्या.

धूळ हा चारही मशीनचा कच्चा भाग. आरटी०७००सी ला धूळ ओढायची नळी स्वतंत्र मिळते, नळी नसेल तिथे चष्मा आणि एन९५ मास्क हाच उपाय. एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाट्यावर) दोन्ही सक्तीचे समजा, कानाला मफ सगळ्याच कामाला.

साइटवरची वीज हाही विचाराचा भाग आहे. ५० फुटी पातळ एक्स्टेन्शनवर वेग खाली बसतो आणि मोटर तापते. १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर वापरा. तात्पुरत्या कनेक्शनवर, चढउताराच्या विजेवर रोज काम असेल तर ३७०९ आणि जीकेएफ ५५० मध्ये वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग नाही, हा फायदाच आहे. वजनही कमी, १.५ आणि १.४ किलो. आरटी०७००सी चं १.८. शटर उभं धरून दिवसभर कडा मारणाऱ्याला हा फरक संध्याकाळी खांद्यात जाणवतो.

बॅटरीवाल्यांत मकिताचा डीआरटी५०, १८ व्होल्ट, १०,००० ते ३०,००० आरपीएम, खऱ्या कामाचा आहे. बॉशचा १२ व्होल्टचा जीकेएफ १२व्ही-८ मात्र १३,००० वरच फिरतो. तो फक्त बँड आणि बारीक गोलासाठी, खोबणीसाठी नाही.

आता निवड. रोजचं काम मायका, बँड आणि बिजागरी एवढंच असेल तर मकिता ३७०९. जीकेएफ ५५० त्याच्या तोडीस तोड आहे, ज्याचं सर्व्हिस सेंटर गावात जवळ तो घ्यावा. लाकडी लिपिंग, मोल्डिंग, ॲक्रिलिक आणि साच्याचं काम असेल तर आरटी०७००सी, जादा पैसे पहिल्या महिन्यातच कामात उतरतात. डी२६२०० ज्यांना प्लंज बेससकट एकच मशीन ठेवायचं आहे त्यांच्यासाठी, फक्त आपल्याकडची ६ मिमी किंवा पाव इंची बिटं बसतील असं कॉलेट सोबत आहे ना, हे आधी बघा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यातल्या बोहरी आळीत चौकशी केलीत तर भाव थोडाफार खाली येतो, पण मोठ्या नावांच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात. पक्कं बिल, मशीनवरचा सिरियल नंबर आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर तिथेच जुळवा.

३७०९ घेतलात तर कार्बन ब्रशची (मोटरला वीज पोहोचवणारे, झिजणारे तुकडे) एक जोडी त्याच दिवशी घ्या. झाकणं बाहेरूनच स्क्रू ड्रायव्हरने उघडतात. ब्रशवरच्या खुणेपर्यंत झीज आली की दोन्ही एकदम बदला. एकच बदलला तर ठिणग्या वाढतात आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा तांब्याचा भाग) खरवडला जातो.